जेट स्कीच्या एक्झॉस्टला पाण्याची दुसरी लाईन कशी घ्यावी? मदत हवी आहे

मंडळी, उभं राहून चालवायची जुनी यामाहा सुपरजेट आहे, 701 सीसी टू-स्ट्रोक. मित्राने हौसेने घेतली, आता माझ्या गळ्यात. मूळ एक्झॉस्ट काढून मॉडिफाय केलेला चेंबर (एक्झॉस्टचा फुगीर भाग) बसवलाय. ब्रॅकेट बेळगावच्या उद्यमबागेत करून घेतले, ते झकास झाले. घोळ पाण्याचा आहे.

मूळ रचनेत गार करायचं पाणी जेट पंपाकडून (स्कीला पुढे ढकलणारा पंप) एकाच होजने येतं: आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, मग सिलिंडर, हेड, शेवटी एक्झॉस्ट पाईप. म्हणजे पाईपला पोचतं ते आधीच तापलेलं पाणी. परवा घटप्रभेवरच्या हिडकल धरणात दहा मिनिटं फिरवली, तर बाहेर पडणारी धार करंगळीएवढीसुद्धा नाही. हेडपाईप आणि चेंबर जोडणारा रबरी कपलर क्लॅम्पपाशी काळा पडून चिकट झालेला. वास तर विचारूच नका.

पंपावर दुसरा निपल (होज जोडायचं तोंड) टाकून पाईपच्या जॅकेटला, म्हणजे पाईपभोवतीच्या पाण्याच्या पोकळीला, थेट गार पाणी द्यावं म्हणतोय. खालून घालून वरून काढायचं, हवा अडकू नये, एवढं कळतं. पण मग हेडचं पाणी सरळ बाहेर सोडू का? तिथे रिस्ट्रिक्टर (पाण्याचा प्रवाह कमी करणारा बारीक छिद्राचा तुकडा) लागेल? आणि चेंबरमध्ये पाणी सोडणारा स्क्रू तुम्ही किती उघडता? जास्त झालं की वरच्या आरपीएमला दम जातो, कमी झालं की रबर जळतं.

घरी नळाचं पाणी लावून बघ म्हणू नका. आधी इंजिन, मग पाणी, बंद करताना उलटं, सगळं करून झालंय. पावसाळ्यात घटप्रभेचं पाणी गढूळ, पाण्याची बारीक छिद्रं तुंबणारच. गाळणी कुठे बसवता तेही सांगा की.