जुनी बाहुली घेता-विकताना दोष सांगितले का? कोकणातले अनुभव

मालवण

आपल्याकडे जुन्या बाहुल्या जमवणारे थोडे, पण व्यवहार बरेच होतात. मुंबईचं घर आवरताना निघालेल्या, मामाने आखातातून आणलेल्या, आजीच्या पेटीतल्या लाकडी ठकी. कुणाच्या तरी माळ्यावरून निघून दुसऱ्या कुणाच्या कपाटात जातात. या धाग्यात मला एकाच गोष्टीचे अनुभव हवेत: बाहुलीतला दोष. विकणाऱ्याने तो सांगितला का, कसा सांगितला, घेणाऱ्याने विचारला का. कुठे स्वस्त मिळते ते नंतर कधीतरी बोलू.

माझं मत आधीच सांगते. बाहुलीतले बरेच दोष थांबलेले नसतात. तुटलेलं बोट तुटलेलंच राहतं, पण हिरवा पडलेला कान, चिकट झालेले पाय, गुडघ्यातला गंज, लाकडातला भुंगा हे सगळं विकल्यावरही चालूच राहतं. म्हणून दोष लपवला की पैशांची फसवणूक तर होतेच, शिवाय नव्या घरात त्या बाहुलीची जी निगा राखायला हवी ती राखली जात नाही. कधी शेजारच्या बाहुल्याही खराब होतात. त्यात आपली हवा अशी. जूनपासून सगळं ओलं आणि वर खारा वारा. देशावर वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहिलेली बाहुली इथे एका पावसाळ्यात बुरशी धरते. "कशी आहे" याच्याबरोबर "कुठे ठेवली होती" हेही सांगायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

लिहा. लहान-मोठं कसंही चालेल. विकणाऱ्याचं, कंपनीचं नाव मात्र नको.

वेंगुर्ले

माझी आत्या कुवेतला होती. तिने तिच्या मुलीसाठी आणलेली एक बार्बी नंतर माझ्याकडे आली, आणि गेल्या वर्षी मी ती विकायला काढली. गोरी, सोनेरी केसांची, कानात धातूच्या पिना. समोरून पाहिली तर सुंदर. केस बाजूला केले की दोन्ही कानांभोवती हिरवट डाग. जमवणाऱ्यांना हे माहीत असतं, पण नवीन माणसाला सांगते: त्या पिनेत तांबं असतं, दमट हवेत ते गंजतं आणि हिरवा रंग व्हिनाइलच्या, म्हणजे बाहुलीच्या मऊ प्लास्टिकच्या, आत उतरतो. वरवर पुसून जात नाही. पिना तशाच राहू दिल्या तर डाग गालापर्यंत सरकतो.

मी फोटो अंगणात, सकाळच्या उजेडात काढले. ट्यूबलाइटखाली हिरवा डाग दिसतच नाही, आणि पिवळ्या बल्बखाली सगळ्याच बाहुल्या छान दिसतात. दोन्ही कान केस मागे धरून, तळपाय, मानेची खाच, आणि पाय गुडघ्यात वाकवून. आई माझं हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "खोटा बोलान इकू नको हां, बाय. वासाचा पण सांग." वासाचं मला सुचलंच नव्हतं. ती बाहुली कित्येक वर्षं सुकटीच्या डब्यांच्या वरच्या फळीवर होती!

घेणारी पुण्याची. तिने पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा नव्हता. "पिना काढल्या आहेत का?" काढल्या नव्हत्या. तिने सांगितलं की ओढू नका, कान फाटेल, कोमट पाण्यात डोकं थोडं मऊ करून हळू काढा, आणि पिना वेगळ्या पुडीत पाठवा. मी तसंच केलं. तिने किंमत कमी करून मागितली आणि मी दिली. दोषामुळे पैसे कमी मिळाले हे खरंच आहे, पण बाहुली अशा बाईकडे गेली जिला तिचं काय करायचं हे कळतं. मला ते पैशांपेक्षा मोठं वाटलं.

रत्नागिरी

दोष न सांगणं आणि माहीत नसणं यात फरक आहे, त्यावर माझा अनुभव.

"1966 ची अस्सल बार्बी" म्हणून एकांनी किंमत सांगितली. कमरेच्या मागे खरंच 1966 असं कोरलेलं होतं, त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास. पण त्याखाली मेड इन इंडिया असंही होतं. 1966 हे त्या शरीराच्या साच्याच्या कॉपीराइटचं साल आहे. तोच साचा पुढे दशकानुदशकं वापरला गेला, त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या बाहुलीवरही तेच साल सापडतं. 1966 साली भारतात बार्बी बनतच नव्हती. डोक्याच्या मागे कधी 1976 असतं, त्याचीही तीच गत.

मी हे त्यांना समजावून सांगितलं. गृहस्थ निवृत्त शिक्षक, त्यांना वाईट वाटलं, पण त्याच संध्याकाळी त्यांनी वर्णन बदललं: "साल नक्की माहीत नाही, अंगावरचं साल साच्याचं आहे." मी ती बाहुली त्या नव्या वर्णनावर घेतली. त्यांच्याकडून पुन्हा घ्यायला मी एका पायावर तयार आहे. "माहीत नाही" असं लिहिणारा विकणारा मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

अलिबाग

वेंगुर्ल्याच्या ताईंनी वासाचं लिहिलं ते फार बरं केलं. फोटोत वास येत नाही. उदबत्ती, सिगरेट, सुकी मच्छी, डांबराच्या गोळ्या, जे काही असेल ते लिहा. आणि डांबराच्या गोळ्या बाहुलीच्या अंगाला लागून ठेवू नका, काही प्लास्टिक त्यांच्या वाफेने मऊ पडतं. मी अशी एक छोटी बाहुली पाहिली, तिच्या पाठीवर गोळीच्या आकाराचा खळगा होता.

सावंतवाडी

तुमचं सगळं प्लास्टिकचं चाललंय, आमचं लाकडाचं ऐका.

आमच्या गावची लाकडी खेळणी, ठकी, रंगवलेली फळं सगळ्यांना माहीत आहेत. जुनी ठकी आता मुंबईचे लोक शोधत येतात आणि म्हणून जुनी "बनवायचे" प्रकारही सुरू झालेत. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड भुंग्याला फार आवडतं. बारीक गोल भोकं पडतात आणि आतून पिठासारखा भुसा गळतो. काही विकणारे भोकं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवतात, वरून ऑइलपेंट मारतात, मग त्यावर थोडं घासून "शंभर वर्षांची" म्हणतात.

पुन्हा रंगवणं हा गुन्हा नाही. आमच्याकडे गणपतीची आरास, पाट, पाळणे, सगळंच पुन्हा रंगवतात. पण ते सांगायला हवं, कारण जुन्या रंगाची किंमत करणारा माणूस वेगळा आणि घरात शोभेला ठेवणारा वेगळा. त्याहून महत्त्वाचं भुंग्याचं. रंगाखाली जिवंत भुंगा असलेली ठकी तुम्ही कुणाच्या घरी पाठवली तर तो तिथल्या चौकटीला, देव्हाऱ्याला लागू शकतो.

मी स्वतः घेताना काय करतो ते सांगतो. पांढऱ्या कागदावर ठकी उभी करून हलकेच टिचक्या मारतो, मग कागदासकट एका पिशवीत बांधून ठेवतो आणि काही दिवसांनी कागद बघतो. ताजा भुसा पडला तर आत काम चालू आहे. भोकाच्या आतल्या कडेला रंग पोचलेला असेल तर रंग भोकानंतरचा. नाकाच्या टोकाला, कोपराला, तळाला जुनी ठकी झिजलेली असते. सगळीकडे सारखीच झिजलेली ठकी मला खटकते, मुलांचा हात सगळीकडे सारखा लागत नाही.

एकदा विकणाऱ्या काकूंनी स्वतःहून सांगितलं, "डोळे आमच्या ह्यांनी पुन्हा काढलेत, बाकी सगळं सासूबाईंच्या वेळचं." त्यांच्या यजमानांनी काढलेले डोळे सुरेख होते. त्यांनी मागितली तेवढी किंमत मी दिली.

देवगड

मी कॉलेजला आहे, मॉन्स्टर हाय नावाच्या बाहुल्या जमवते. त्या 2010 पासून आल्या, म्हणजे "जुन्या" म्हणायला लोक हसतात, पण दोष त्यांच्यातही आहेत. त्या काळातल्या बऱ्याच फॅशन बाहुल्यांच्या डोक्यात केस पक्के बसावेत म्हणून गोंद भरलेला असतो. तो काही वर्षांनी मुळांतून बाहेर झिरपतो, केस तेलकट, चिकट होतात. उन्हाळ्यात जास्त. धुतलं की छान, पुन्हा काही दिवसांनी तेच.

माझ्याकडे आलेल्या एकीचे केस फोटोत कोरडे, मोकळे. घरी आल्यावर बोटांना पांढरं लागलं. टाल्कम पावडर! विकणाऱ्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "तू विचारलं नाहीस." आता मी लिहूनच विचारते: केसांना पावडर किंवा कॉर्नफ्लोअर लावलं आहे का, डोकं शेवटचं कधी धुतलं, धुऊन आठवडा झाल्यावरचा फोटो मिळेल का. खरं सांगणारे उत्तर देतात. जे चिडतात त्यांच्याकडून मी घेत नाही.

रत्नागिरी, दुसऱ्या एक

"तू विचारलं नाहीस" यावर वकील म्हणून थोडं. भारतीय करार कायदा, 1872, कलम 17 पाहा. माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे दडवणं ही फसवणूक आहे. नुसतं गप्प बसणं ही एरवी फसवणूक ठरत नाही, पण जिथे बोलणं हे कर्तव्यच असतं किंवा गप्प बसणं हेच बोलण्यासारखं ठरतं तिथे ठरते. कायद्याने उदाहरण घोड्याचं दिलं आहे. विकणाऱ्याला घोड्यातली खोड माहीत आहे आणि तो काही बोलला नाही, तर फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालतो," आणि तरी तो गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकंच.

म्हणजे देवगडच्या मुलीने लिहून विचारायला लागणं अगदी योग्य. पावडर लावणं, भोकं बुजवून रंग मारणं हे तर मौनही नव्हे, ते दडवणं झालं. घेणाऱ्यांसाठी मात्र कलम 19 ही आहे: साध्या काळजीने खरं कळलं असतं तर नुसत्या मौनाच्या जोरावर करार मोडता येत नाही. फोटो मागा आणि निरोप जपून ठेवा.

गुहागर

मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी विकतो. प्रत्येक ओरखडा लिहीत बसलं तर लोक घाबरून घेतच नाहीत, आणि चांगली बाहुली पडून राहते. डोळ्यांचा रंग कारखान्यातूनच एका बाजूला सरकलेला असतो, शिवण वाकडी असते. हेही लिहायचं का?

मालवण

हो, दादा, लिहायचं, आणि "कारखान्यातूनच असं आहे" असंही लिहायचं. घेणाऱ्याला ती आयुष्यभर समोर ठेवायची असते, सरकलेला डोळा तिला रोज दिसणार. बंद खोक्याचंही तसंच. एनआरएफबी, म्हणजे खोक्यातून कधीच न काढलेली, असं लिहिलं की लोक निर्धास्त होतात. पण बंद खोक्यातही कान हिरवे पडतात, केसांना बांधलेलं रबर विरघळून चिकटतं, काळ्या-लाल कपड्याचा रंग अंगात उतरतो. खोकं बंद होतं एवढंच त्यातून कळतं.

कुडाळ

कपड्याच्या डागावरून आठवलं. पिंपल्सवर मिळणारं बेंझॉइल पेरॉक्साइडचं क्रीम लावून, उन्हात ठेवून डाग घालवतात. जातो. पण तिथलं व्हिनाइल कधी आजूबाजूपेक्षा फिकट पडतं, आणि कधी खोलवरचा डाग काही महिन्यांनी पुन्हा वर येतो. डाग काढलेली बाहुली विकताना "डाग नाही" एवढंच म्हणणं मला पटत नाही. "डाग होता, क्रीमने काढला, या जागी" असं लिहिते. एका बाईंनी उलट माझे आभार मानून कोणतं क्रीम, किती वेळ ठेवलं ते विचारून घेतलं.

चिपळूण

22 जुलै 2021. वाशिष्ठीचं पाणी आमच्या पहिल्या मजल्यापर्यंत आलं. बाहुल्यांचं कपाट तळमजल्यावर होतं. पाणी उतरल्यावर गाळातून त्या काढल्या, टूथब्रशने घासल्या, उन्हात वाळवल्या. महिनाभराने बघितलं तर काहींचं काहीच बिघडलं नव्हतं असं दिसत होतं.

मी त्यातल्या काही विकल्या, आणि प्रत्येकीच्या वर्णनात पहिलं वाक्य "ही पुरात भिजलेली आहे" असं ठेवलं. घरचे म्हणाले, स्वच्छ दिसतेय तर कशाला लिहितोस. मला ते जमेना. वाकणाऱ्या पायांच्या आत धातूची तार असते. गाळाचं पाणी सांध्यातून आत गेलं की ती आतल्या आत गंजते, आणि तपकिरी डाग पोटरीवर कधी उमटेल सांगता येत नाही. माझ्याकडे ठेवलेल्या एकीला तो पुढच्या वर्षी आला. ज्याने माझ्याकडून घेतली त्याला हे आधी माहीत असेल तर तो पाय वाकवणार नाही, कोरड्या जागी ठेवेल, तिच्याखाली पांढरा कपडा घालणार नाही.

काहींनी पुराचं नाव काढताच पाठ फिरवली, आणि तो त्यांचा हक्क आहे. पुराच्या वर्षी या भागातून निघालेली कुठलीही जुनी वस्तू घेताना "पाणी लागलं होतं का" हे विचाराच, आणि विकणाऱ्यांनो, कुणी विचारायच्या आत सांगा. आमच्या गावाने खूप सोसलंय, त्यात आमच्या शब्दाची पतही जाऊ नये असं मनापासून वाटतं.

दापोली

नुसतं वाचत होते. चिपळूणच्या दादांचं वाचून माझी विक्रीची नोंद पुन्हा लिहिली, ती इथेच देते, कुणाला काही सुटलेलं दिसलं तर सांगा.

विकायची आहे: साडी नेसलेली बार्बी, अंगावर मेड इन इंडिया. साल माहीत नाही. खोकं नाही. साडी मूळची आहे असं समजते, खात्री नाही. निऱ्यांवर कसरीची दोन भोकं. ब्लाउज मी शिवलाय. उजव्या पायाचा गुडघा वाकतो पण थांबत नाही. पाय उन्हाळ्यात किंचित चिकट लागतात, पुसले की जातं, पुन्हा येतं. कानांत पिना नाहीत, डावा कान आतून हिरवट. केस मागे गुंतलेले, कापलेले नाहीत. लाकडी कपाटात होती, पावसाळ्यात कपाटाला बुरशी येते, बाहुलीवर आजवर दिसली नाही. पाणी लागलेलं नाही. किंमत ठरलेली नाही, आधी फोटो बघा.