अंगणातलं जुनं झाड: कधी काढलंत, कधी राखलंत? (अनुभव)

पावसाळा तोंडावर आला की आमच्या भागातल्या जुन्या बंगल्यांमध्ये एकच विषय निघतो, फाटकाजवळचा गुलमोहर यंदा तग धरेल का. सत्तरच्या दशकात कोथरूडला वस्ती वाढली तेव्हा कितीतरी जणांनी दारात गुलमोहर लावला. भराभर वाढतो, सावली देतो, मे महिन्यात बघून डोळे निवतात. आता ही झाडं पन्नाशीला आली, आणि गुलमोहराला पन्नाशी म्हणजे म्हातारपणच. आमच्या गुलमोहराच्या बुंध्याशी गेल्या पावसात वीतभर रुंदीची, लाकडासारखी टणक तपकिरी भूछत्रं उगवली. वरच्या दोन फांद्यांना यंदा पालवी नाही. शेजारी त्याच वयाचा आंबा मात्र धट्टाकट्टा उभा आहे.

घरात दोन तट आहेत. सासूबाई म्हणतात, सासऱ्यांच्या हातचं झाड आहे, हात लावायचा नाही. मुलगा म्हणतो, खालून शाळेची मुलं जातात. दोघांचंही मला पटतं, म्हणून इथे विचारते. तुम्ही कशावरून ठरवलंत? काय पाहिलंत, कोणाला विचारलंत, पुढे काय झालं, सविस्तर लिहा. "झाडं वाचवा" किंवा "तोडून मोकळे व्हा" एवढ्यावर थांबू नका.

मालवण

आमच्याकडे माडाचा निकाल पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, देतो. घरामागे बाणवली जातीचे जुने माड आहेत, काही माझ्या आजोबांच्या वेळचे. बाणवली ऐंशी-शंभर वर्षं जगते, तेव्हा नुसतं वय झालं म्हणून कोणी माड पाडत नाही. पण एका वर्षी पाडेली एका माडाच्या अर्ध्यावरून खाली उतरला आणि म्हणाला, "ह्येच्यार मी चढूचंय नाय." कारण विचारलं तर त्याने मला खोडाला कान लावायला सांगितला. आतून कुरकुर ऐकू येत होती. सोंड्या भुंग्याच्या अळ्या गाभा खात होत्या. खोडावर बारीक भोकं, त्यातून तांबूस रस ओघळलेला आणि चघळल्यासारखा चोथा बाहेर आलेला. मी रोज त्या माडाखालून विहिरीवर जायचो, पण वर कधी नीट पाहिलंच जात नाही.

माडाला फांद्या नाहीत, एकच कोंब. तो कुजला की झाड संपलं, छाटून वाचवायचा प्रश्नच नाही. तो माड आम्ही पाडला आणि खोड फोडून जाळून टाकलं, नाहीतर भुंगे शेजारच्या माडांवर जातात. पुढे मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं. आजूबाजूला चांगले निरोगी माडही मोडून पडले. तो पोखरलेला माड तेव्हा उभा असता तर सरळ स्वयंपाकघरावर आला असता.

पुणे, सहकारनगर

मी उद्यानविद्या शिकलोय आणि झाडांचंच काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

ताई, बुंध्याशी आलेली भूछत्रं हे तुम्ही लिहिलेल्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. वरच्या फांद्या वाळतात त्याला बरीच कारणं असतात, त्यातली काही सुधारता येतात. पण बुंध्यावर किंवा जमिनीलगत टणक भूछत्र आलं म्हणजे बुरशी आत बराच काळ मुरलेली आहे. भूछत्र हे नुसतं तिचं फळ. ते खरवडून काढल्याने काही होत नाही. लाकडी हातोडीने बुंध्याला गोल फिरत ठोका. भरीव लाकडाचा आवाज वेगळा आणि पोकळ जागेचा वेगळा, दोन-तीन झाडांवर ठोकून पाहिलंत की कान तयार होतो.

मात्र पोकळ म्हणजे मेलेलं असं समजू नका. झाडाचा भार बाहेरच्या लाकडावर असतो. पोकळ बांबू वाऱ्यात कसा टिकतो, तसंच. ढोबळ हिशेब असा की बुंध्याची त्रिज्या 30 सेंमी असेल तर भोवती निदान 10 सेंमी निरोगी लाकूड हवं. ढोलीला मोठं तोंड असेल तर तेवढंही पुरत नाही.

झुकलेल्या झाडाचंही तसंच. लहानपणापासून तिरकं वाढलेलं झाड हळूहळू लाकूड भरून स्वतःला सावरून घेतं. घाबरायचं ते नव्याने झुकलेल्या झाडाला. उलट्या बाजूची जमीन फुगली, तिथे भेग पडली किंवा पेव्हर ब्लॉक वर उचलले गेले, तर त्या दिवशीच खालची गाडी हलवा आणि माणसांची ये-जा बंद करा.

शेवटचा प्रश्न, पडलं तर कशावर पडेल? हेच झाड मोकळ्या माळावर असतं तर मी म्हटलं असतं, राहू दे. शाळेच्या वाटेवर असेल तर उत्तर बदलतं.

नाशिक

वरच्या प्रतिसादात एक भर घालते, मुळांची. आमच्या गल्लीतला एक गुलमोहर वरून अगदी हिरवागार होता, फुलांनी लगडायचा. ड्रेनेजच्या नव्या लाइनसाठी बुंध्यापासून हातभर अंतरावर चर खणला आणि एका बाजूची जाड मुळं तुटली. वर मातीऐवजी काँक्रीट आलं. दोन पावसाळे काही झालं नाही, सगळे विसरले. तिसऱ्या जूनमध्ये पहिल्याच वळवात झाड मुळासकट आडवं. रात्रीची वेळ होती म्हणून कोणाला लागलं नाही. पडलेल्या झाडाकडे बघताना कळलं, एका बाजूला मुळं नव्हतीच, कापलेली काळी टोकं तेवढी होती.

तेव्हापासून मी कोणत्याही झाडाचं वय विचारायच्या आधी त्याच्या पायाशी गेल्या पाच-सात वर्षांत काय खणलं ते विचारते.

मुलुंड

सोसायटीतला पर्जन्यवृक्ष. मुंबईत पिठ्या ढेकूण नावाच्या किडीने असे कितीतरी वृक्ष वाळले, त्यातलाच आमचा. दोन वर्षं पाण्याचा फवारा, औषध सगळं केलं. शेवटी साल सुटायला लागली तेव्हा मेला हे मान्य केलं.

अनेकांना वाटतं, वाळलेलं झाड आहे, परवानगी कशाला. लागते. 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली खासगी जागेतल्या झाडालाही लागते. झाड मेलेलं, रोगट किंवा धोकादायक असणं हे परवानगीचं कारण आहे, परवानगी टाळण्याचं नव्हे. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला प्राचीन वृक्षाचा दर्जा आहे, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावणं अपेक्षित आहे. त्यामुळे ताई, तुमची दोन्ही झाडं लावल्याचं साल सिद्ध करणारा कागद, जुना फोटो असेल तो शोधून ठेवा. अर्जासोबत चारही बाजूंचे फोटो, बुंध्याचा घेर आणि भूछत्रांचे जवळून काढलेले फोटो द्या. अर्ज मार्चच्या आत करा. मे महिन्यात सगळ्यांचेच अर्ज जातात.

सांगली

आईच्या माहेरचा रायवळ आंबा. चोखून खायचा, लोणच्याला तर त्याच्यासारखा दुसरा नाही. भिरूड लागला. खोडातून भुसा पडायचा, वडील तारेने अळी ओढून काढायचे आणि भोक लिंपायचे. असं बरीच वर्षं चाललं. मग मुख्य खोडाला उभी चीर गेली आणि ती दर पावसात रुंदावत गेली.

आई झाड काढायला तयार होईना. तिची समजूत कुणी घातली नाही, तिनेच वाट काढली. गावच्या नर्सरीतल्या माणसाला बोलावून जिवंत फांद्यांच्या काड्या घेतल्या आणि कोयीच्या रोपांवर कलमं बांधून घेतली. कलमं जगली, त्यातली दोन परसात लावली, त्यांना नवी पालवी फुटली, तेव्हा आई म्हणाली, "आता बोलवा." कोय लावून हा आंबा मिळाला नसता. रायवळच्या कोयीतून येणारं झाड आईबापासारखं निघेलच असं नसतं. तुमच्या सासूबाईंना हे सांगून बघा. गुलमोहराला कलमाची गरज नाही, शेंगा गोळा करा, बी गरम पाण्यात भिजवलं की सहज रुजतं.

एडिसन, न्यू जर्सी

मालवणच्या काकांचा पाडेली वाचून आमचा अ‍ॅश वृक्ष आठवला. इथे एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाच्या हिरव्या भुंग्याने अ‍ॅशची झाडं संपवत आणली आहेत. 2002 साली मिशिगनमध्ये सापडला, 2014 मध्ये आमच्या राज्यात. अळी सालीखाली खाते, तिचा भुंगा झाला की तो बाहेर येताना इंग्रजी डी आकाराचं, तीनेक मिलिमीटरचं भोक पाडतो. आम्हाला पहिली खूण सुतार पक्ष्यांनी दिली, अळ्यांसाठी ते वरच्या फांद्यांची साल सोलत होते.

इथे वाट बघणं महागात पडतं. शेंड्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग वाळला तर खोडात इंजेक्शन देऊन उपयोग होत नाही. आणि अ‍ॅश मेल्यावर लाकूड इतकं लवकर ठिसूळ होतं की कामगार वर चढायला नकार देतात, क्रेन आणावी लागते. शेजाऱ्यांनी दोन वर्षं थांबून काढलं, त्यांचं बिल आमच्याहून कितीतरी जास्त आलं. आम्ही एक झाड इंजेक्शनवर ठेवलंय, बाकीची काढली.

ठाणे

सुबाभूळ होतं. कुंपण फोडत होतं. परवानगी घेऊन काढलं, वाईट वाटलं नाही.

पुणे, एरंडवणे

आमची चिंच आम्ही राखली, तिचं सांगते. मधल्या खोडाला ढोली आहे आणि त्यात राखी धनेश घरटं करतात. मादी स्वतःला आत लिंपून घेते, नर अंजीरवर्गातली फळं आणून फटीतून भरवतो. फेब्रुवारी-मार्चपासून जूनपर्यंत हे चालतं. म्हणजे पावसाळापूर्व छाटणीचा धडाका असतो नेमका तेव्हाच पिल्लं आत असतात.

सहकारनगरच्या दादांसारख्याच एका जाणकारांना बोलावलं. त्यांनी घराकडच्या लांब आडव्या फांद्या थोड्या आखूड करून भार कमी केला. शेंडा सरसकट उडवू दिला नाही. तसं केलं की छाटलेल्या टोकाशी झुडपासारखे फुटवे येतात, ते वरवर चिकटलेले असतात आणि चार वर्षांनी तेच मोडून पडतात. हे काम आम्ही नोव्हेंबरात केलं. ढोलीखालची बाकंही तिथून हलवली. झाड हलत नाही, पण माणसांची बसायची जागा हलवता येते.

नागपूर

कडुनिंब, दारातच. विजेच्या तारांसाठी रस्त्याकडची बाजू दरवर्षी छाटली जाते, त्यामुळे सगळा भार घरावर. उन्हाळी वादळात फार भीती वाटायची. घराकडची बाजू दोन टप्प्यांत, मध्ये एक वर्ष सोडून, हलकी करून घेतली. एकदम छाटलं असतं तर झाडाला सोसलं नसतं. त्याशिवाय दर मेमध्ये ओसरीच्या त्याच पायरीवर उभं राहून फोटो काढतो, खिडकीची चौकट फोटोत येईल असा. तिरकेपणा वाढला तर चौकटीशी ताडून लगेच दिसतो. अजून वाढलेला नाही. या वर्षीचा फोटो काढायचा राहिलाय, पहिल्या वादळाआधी काढून घेतो.