विषय: आई-अण्णांना समुद्र दाखवायचाय

मंडळी, नमस्कार.
डिसेंबरात तीन आठवडे औशाला चाललोय. आई-अण्णांनी आजवर समुद्र पाहिला तो विमानाच्या खिडकीतून, तोही रात्री. म्हणजे नुसता अंधार पाहिला. यंदा गाडीनं गणपतीपुळ्याला न्यावं म्हणतोय. दोघंही सत्तरीच्या पुढचे. एका दिवसात झेपेल का?
– औसेकर, सध्या न्यू जर्सी

*

भाऊ, पोचाल एका दिवसात, पण आईंच्या गुडघ्यांना विचारून ठरवा.

मागच्या डिसेंबरात मी लातूरहून आमच्या दोघांना घेऊन गेले होते. पाचशेच्या घरात किलोमीटर होतात. आम्ही कोल्हापुरात मुक्काम केला. रस्ता शोधायचं कामच नाही, तुमच्या औशावरून जातो तोच नागपूर-रत्नागिरी महामार्ग. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट.

मंगळवेढ्याला तासभर जाणार हे धरूनच निघा. काळं रान, त्यात पोटऱ्यात आलेली ज्वारी. आमच्या अण्णांनी गाडी थांबवायला लावली. बांधावर उभ्या माणसाला "ज्वारी मालदांडीच ना?" म्हणून जे सुरू झाले, ते चहा पिऊनच परतले.

मिरजेला मात्र गप्प झाले. "आपलं पाणी इथून आलतं," एवढंच म्हणाले. २०१६ च्या दुष्काळात, एप्रिलात, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे, 'जलदूत', लातूरला आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. मी तेव्हा इकडं परदेशात, बातम्या बघत. आई तिकडं घागर घेऊन रांगेत.

घाट उतरल्यावर हातखंब्याहून निवळीमार्गे पुळं जवळ पडतं. तरी माझं ऐका, रत्नागिरीत शिरून आरे-वारेचा रस्ता धरा. चढावर एक वळण घेतलं की खाली एकदम समुद्र. आई म्हणाली, "अगं माय, एवढं पाणी! अन् तांब्याभर पेता येईना." पुढं अर्धा तास बोललीच नाही. (लग्नानंतर पहिल्यांदाच, इति अण्णा.)

देवळाला प्रदक्षिणा म्हणजे आख्ख्या डोंगराला वळसा, ती सकाळी उन्हाआधी उरका. आईंना जमेल तेवढंच. मुक्कामी नळाला दिवसभर पाणी होतं. तरी आईनं रात्री बादली, टमरेल, दोन्ही तांबे भरून ठेवले. घरमालकीणबाई सकाळी विचारतात, "नळ बिघडला की काय?"

ज्वारीचं पीठ सोबत न्या. तांदळाच्या भाकरीबद्दल अण्णांचं मत इथं लिहिण्यासारखं नाही. उकडीच्या मोदकांवर मात्र तक्रार नव्हती.
– लातूरची ताई

*

ताईंनी सगळं सांगितलं, एक राहिलं. पुळ्याच्या समुद्रात घोट्याच्या वर पाणी येऊ देऊ नका. वरून शांत दिसतो, पण तिथं पोहणारेही बुडालेत. नातवंडं सोबत असतील तर हात सोडूच नका.

आणि आलात तसे परत फिरू नका. जयगडहून गाडीसकट फेरीबोटीत चढा, खाडीपलीकडं तवसाळला उतरा. आमच्या हिला घाट लागला होता, बोट नाही लागली. पुढं हेदवीला बामणघळ आहे, कातळातली चीर. भरतीला पाणी आत घुसून कारंज्यासारखं वर उडतं. ओहोटीला गेलात तर नुसता खडक बघून याल, आम्ही आधी तसेच आलो. तिथून गुहागर. पुळ्यापेक्षा गर्दी कमी, नारळी-पोफळीच्या वाड्या, लांबच लांब किनारा. तिथं दोन रात्री काहीही न करता बसा. परतताना चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड.
– परभणीचे काका

*

ताई, काका, आभार. काल फोनवर दोघांना तुमच्या मेल वाचून दाखवल्या. आईनं विचारलं, बोटीत गाडी चढवल्यावर आपण गाडीतच बसायचं की उतरायचं? काका, तेवढं कळवा.

अण्णांनी पहिला मुक्काम मंगळवेढ्याला ठरवलाय. समुद्राचं पुढं बघू म्हणतात.
– औसेकर