मदत हवी आहे: ॲसिड आणि लायच्या ड्रमसाठी बंड (गळती अडवणारा कठड्याचा हौद) किती लिटरचा बांधावा?

नमस्कार मंडळी,

अंबरनाथ एमआयडीसीत आमचं झिंक प्लेटिंगचं छोटं युनिट आहे, सगळं जॉबवर्क. ड्रम आजवर शेडखाली साध्या कोब्यावर उभे असायचे. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचं ऑडिट झालं आणि रिपोर्टात एक ओळ आली: ड्रमना सेकंडरी कंटेनमेंट (म्हणजे गळलेला माल अडवणारा बंड) नाही, पावसाळ्यापूर्वी पूर्तता करा. किती लिटरचं, कशाचं, याबद्दल चकार शब्द नाही.

माल असा आहे, सगळे २०० लिटरचे ड्रम: हायड्रोक्लोरिक १०, कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) ६, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचचं द्रावण) ४ आणि पेंटिंग बूथचं टोल्युइन (ज्वालाग्राही सॉल्व्हंट) ४. एकूण ४८०० लिटर. शेड ५ मीटर बाय ४ मीटर, वर पत्रा, दोन बाजू उघड्या.

ऑडिटवाले तोंडी म्हणाले, ११० टक्के धरा. पण कशाच्या ११० टक्के? ४८०० च्या धरले तर शेडचा हौदच होईल. सल्लागार म्हणतो अमेरिकेत १० टक्क्यांत भागतं. मिस्त्री म्हणतो चारी बाजूंनी सहा इंची भिंत घालू आणि कोपऱ्यात दोन इंची पाइप ठेवू, म्हणजे धुतलेलं पाणी बाहेर निघून जाईल. तो सोमवारी काम सुरू करणार आहे. त्याआधी जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद – जुना_ईटीपीवाला

सगळ्यात आधी मिस्त्रीला थांबवा. तो पाइप ठेवलात तर बंड कसला, ती नुसती नाल्याकडे जाणारी मोरी झाली. आपल्याकडचा नाला शेवटी वालधुनीला मिळतो. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर त्याच नदीत टँकरमधून केमिकल सोडलं आणि उल्हासनगरात शेकडो माणसं श्वास कोंडून दवाखान्यात गेली, हे इथे कुणाला नव्याने सांगायला नको. भिंतीला भोक नकोच. एका कोपऱ्यात फूटभर खोल खड्डा ठेवा, फरशीला तिकडे उतार द्या आणि साठलेलं पाणी पीएच पेपर लावून बघूनच हातपंपाने ईटीपीला (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेला) उचला.

आता टक्केवारी. ११० टक्के म्हणजे सगळ्या मालाच्या नव्हे, सगळ्यात मोठ्या एका भांड्याच्या. तुमच्याकडे ते २२० लिटर. ब्रिटनमध्ये रूढ हिशेब आहे तो मोठ्या भांड्याच्या ११० टक्के किंवा एकूण मालाच्या २५ टक्के, यांत जे जास्त असेल ते. तुमच्यासाठी १२०० लिटर. अमेरिकेत कचऱ्याच्या ड्रमांसाठी एकूण मालाच्या १० टक्के किंवा सगळ्यात मोठं भांडं, यांतलं जास्त, म्हणजे ४८०. मी १२०० धरीन. जागा आहे तर हात आखडता कशाला घ्यायचा?

धागाकर्ता

धन्यवाद दादा. मग २० चौरस मीटर गुणिले १५ सेंमी, ३००० लिटर होतात. म्हणजे हवं त्याच्या अडीच पट. सुटलो म्हणायचं का?

प्रतिसाद – स्टोअरकीपर_तारापूर

एवढ्यात नाही साहेब. ड्रम बंडच्या आतच उभे आहेत ना? एका ड्रमचा व्यास साधारण ५८ सेंमी, म्हणजे बूड पाव चौरस मीटरपेक्षा थोडं जास्तच. २४ ड्रमांनी सव्वासहा चौरस मीटर जागा खाल्ली. १५ सेंमी उंचीत साडेनऊशे लिटर गेले, उरले दोन हजार.

त्यात तुमच्या दोन बाजू उघड्या. २० चौरस मीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर बरोबर २००० लिटर पाणी होतं. पत्रा असल्यामुळे सगळा आत येणार नाही, पण जुलैतला आडवा पाऊस तुम्हाला माहीत आहे. ॲसिड सांडायच्या आधीच बंड काठोकाठ भरलेला असेल. उघड्या बाजूंना पत्रा मारा किंवा पागोळी तीन-चार फूट बाहेर काढा. बाहेरचा उतारही शेडपासून लांब जाईल असा करून घ्या.

दुसरं म्हणजे ड्रम भिंतीला चिकटवू नका. ड्रम ऐंशी-नव्वद सेंमी उंच. मध्यावर फोर्कलिफ्टचा काटा घुसला तर धार सरळ बाहेर फेकली जाते, सहा इंची भिंतीवरून जवळपास पाऊण मीटरपर्यंत. आमच्याकडे भिंतीपासून तेवढी पट्टी पिवळ्या रंगाने आखून मोकळी ठेवतात. त्या पट्टीत मग रिकामे कॅन, झाडू, कुणाचा तरी डबा येऊन बसतो, हा भाग वेगळा.

प्रतिसाद – रेझिनवाली

तुम्ही सगळे लिटर मोजताय, पण या यादीत हायड्रोक्लोरिक आणि हायपो एकाच हौदात आहेत हे कुणाच्या नजरेला आलं नाही का? दोन्ही गळून एकत्र आले की क्लोरीन. तेही बंदिस्त कोपऱ्यात, जिथे माणूस वाकून पंप लावणार आहे! लाय आणि ॲसिड भेटले तर उकळी फुटून शिंतोडे उडतात.

शेड मधोमध भिंत घालून दोन करा. एकीकडे हायड्रोक्लोरिकचे १० ड्रम. दुसरीकडे लाय आणि हायपो. हायपो मुळात कॉस्टिकवालाच असल्यामुळे ते दोघं शेजारी चालतात. योगायोगाने दोन्हीकडे दहा-दहा ड्रम, म्हणजे २५ टक्क्यांनी ५०० लिटर प्रत्येकी. १० चौरस मीटर आणि सहा इंची भिंत धरली तर ड्रमांची जागा वजा जाता हजाराच्या वर उरतात. पंप आणि होसही दोन वेगळे ठेवा, नाहीतर भिंत घालून उपयोग काय?

लायनिंगही एक नको. साधा कोबा हायड्रोक्लोरिक खाऊन टाकतं. ॲसिडच्या बाजूला ॲसिडप्रूफ विटा पोटॅशियम सिलिकेट मॉर्टरमध्ये किंवा एफआरपी (फायबरग्लासचं अस्तर). पण तेच सिलिकेट मॉर्टर लायच्या बाजूला लावलंत तर सांधे सुटतील, तिथे इपॉक्सी. मिस्त्री म्हणेल एकच माल आणू, स्वस्तात पडेल. ऐकू नका.

टोल्युइन या शेडमधून बाहेर काढा. ते वेगळ्या जागी, लोखंडी स्पिल पॅलेटवर (ज्याच्या पोटात गळती साठते), अर्थिंग करून. प्लॅस्टिकचा पॅलेट टोल्युइनने फुगतो आणि स्टॅटिकची भीती वेगळीच. आणि बंडचं राहू द्या, लायसन्स आहे का? टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) ४ अंशांच्या आसपास, म्हणजे पेट्रोलियम क्लास ए. ३० लिटरच्या वर ठेवायला पेसोचं (केंद्राच्या स्फोटक सुरक्षा खात्याचं) लायसन्स लागतं. तुमच्याकडे ८०० आहेत.

धागाकर्ता

ताई, लायसन्सचं ऐकून घाम फुटला. पार्टनरशी बोललो. तूर्त टोल्युइन सप्लायरकडेच ठेवायचं आणि लागेल तसा २० लिटरचा एकच कॅन आणायचा असं ठरलंय. पाइप रद्द, मधली भिंत नक्की. आता अडलंय ते दाराशी. सहा इंची उंबऱ्यावरून ड्रमची ट्रॉली कशी न्यायची? लायचा भरलेला ड्रम तीनशे किलोच्या घरात जातो.

प्रतिसाद – जुना_ईटीपीवाला

एकास दहाचा उतार द्यायचा तर बाहेर दीड मीटर आणि आत दीड मीटर रॅम्प. आतला रॅम्प तुमचे लिटर खाणार. त्यापेक्षा भिंत वर न घेता जमीनच सहा इंच खाली उतरवा आणि वर एफआरपी ग्रेटिंग (जाळी) टाका. ट्रॉली सरळ आत जाते, ड्रम पाण्यात उभे राहत नाहीत, त्यांची जागाही वजा करावी लागत नाही. धारेसाठी कडेची पट्टी मात्र इथेही मोकळी हवी. काम झालं की पाणी भरून खडूने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी पातळी बघा. उतरली तर मिस्त्रीचं शेवटचं बिल अडवा.

धागाकर्ता

हे पटलं. ग्रेटिंग किती जाडीचं घेऊ? दुकानदार २५ मिलिमीटर पुरेल म्हणतोय.

प्रतिसाद – स्टोअरकीपर_तारापूर

नुसत्या जाडीवर काही ठरत नाही. खाली आधार किती अंतरावर देणार आणि ट्रॉलीची चाकं केवढी, ते लिहा. चाक बारीक असेल तर भरल्या ड्रमचा सगळा भार दोन पट्ट्यांवर येतो.