व्हिएन्नात ७ तासांचा थांबा : गोड काय खावं, आणि बिनअंड्याचं काय मिळेल?

धरमपेठकर
मे महिन्यात नागपूर–दिल्ली–व्हिएन्ना–रोम असं तिकीट आहे. व्हिएन्नात रविवारी सकाळी ८ ला उतरतो, पुढचं विमान दुपारी ३ ला. शेंगेन व्हिसा आहे, बॅगा थेट रोमला जातील. सोबत आईबाबा, दोघंही अंडं खात नाहीत. शहरात जाऊन येणं जमेल का? झाखर टॉर्ट कुठे खावा? आणि त्या दोघांनी काय खावं?

रुळावरचा
जमते ना भाऊ, पण शहरात ३ तासच धरा. इमिग्रेशन आणि बाहेर पडायला १ तास, जायला पाऊण, यायला पाऊण, आणि दीड तास आधी विमानतळावर परत. रोमचं विमान शेंगेनच्या (आपसात पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या) आतलं, त्यामुळे परतताना पासपोर्टची रांग नाही, फक्त सुरक्षा तपासणी.

एस७ लोकल साधारण २५ मिनिटांत 'व्हीन मिट्टे' स्टेशनला सोडते. हिरवी 'कॅट' गाडी १६ मिनिटांत जाते, पण त्या ९ मिनिटांसाठी भाडं कितीतरी जास्त. मिट्टेहून यू३ मेट्रोचं दुसरं स्टेशन श्टेफान्सप्लाट्झ, म्हणजे कॅथेड्रलचा चौक. लोकलचा मार्ग दुरुस्तीसाठी बंद असू शकतो, ऑस्ट्रियाच्या रेल्वेच्या, म्हणजे ओबीबीच्या अ‍ॅपवर आधी बघा. बंद असेल तर रेलजेट या जलद गाडीने हाउप्टबानहोफ (मुख्य स्टेशन) आणि पुढे यू१ मेट्रो.

विमानतळ शहराच्या झोनबाहेर आहे. नुसतं शहराचं तिकीट काढून बसलात तर दंड शंभर युरोंच्या वर.

खवय्या_रामदासपेठ
एकाच ठिकाणी बसा. दोन कॅफे करायला गेलात की दोन्हीकडे रांगेतच वेळ जातो.

झाखर टॉर्ट म्हणजे चॉकलेटचा केक, जर्दाळूचा जॅम, वर चॉकलेटचं घट्ट आवरण. १८३२ मध्ये फ्रान्झ झाखरने केला असं सांगतात. ऑपेरामागच्या झाखर हॉटेलात केक मधोमध कापून जॅमचे दोन थर देतात, कोलमार्क्ट रस्त्यावरच्या देमेल कॅफेत जॅम फक्त आवरणाखाली. यावरून दोघं वर्षानुवर्षं कोर्टात होते! केक मुळातच कोरडा असतो, म्हणून सोबतची बिनसाखरेची फेटलेली साय बाजूला सारू नका, प्रत्येक घासाला लावा. बहुतेकांची निराशा तिथेच होते.

माझं मत : देमेल. श्टेफान्सप्लाट्झहून ग्राबेनमार्गे दहा मिनिटं चाललं की आलं, आणि पुढे लगेच होफबुर्ग या जुन्या राजवाड्याचा दरवाजा. कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या या वेळी सोडा. रविवारी सकाळी प्रार्थना असते, आतही मोकळं फिरता येत नाही.

बिल देताना टिप धरून पूर्ण आकडा तोंडाने सांगा, पैसे टेबलावर ठेवून उठू नका.

प्रतापनगरची_ताई
आईबाबांसाठी झाखर टॉर्ट बाद. त्यात बेकिंग पावडर नाही, केक फुगतो तो फेटलेल्या अंड्यावर.

अपफेलश्ट्रुडेल, म्हणजे सफरचंद भरलेला रोल, बघा. जुन्या पद्धतीच्या कणकेत मैदा, पाणी, तेल, मीठ आणि थोडं व्हिनेगर. मळून अर्धा तास मुरवतात, मग आपल्या लांब पोळीसारखी हातांवर ताणत नेतात. मुरली नाही तर फाटते. आत सफरचंद, दालचिनी, लोण्यात परतलेला पावाचा चुरा. पण काही ठिकाणी कणकेत अंडं घालतात, म्हणून मेनूतली अक्षरं वाचा. ऑस्ट्रियात अ‍ॅलर्जीसाठी ती सहसा छापलेली असतात : सी म्हणजे अंडं, जी म्हणजे दूध, एच म्हणजे बदाम-अक्रोड वगैरे. यादीत सी नसेल तर अंडं नाही.

दोन गोष्टी या अक्षरांत येत नाहीत. एक जिलेटिन, ते क्रीमच्या थरांच्या केकमध्ये असू शकतं. दुसरी रम, मनुका बऱ्याचदा तिच्यात भिजवतात. दोन्ही विचारूनच घ्या. व्हॅनिला सॉस नको म्हणून सांगा, त्यात पिवळा बलक असतो. टोपफेनश्ट्रुडेल (पनीरसारख्या चीजचा रोल) आणि काइझरश्मार्न (तुकडे केलेलं गोड पॅनकेक) यांमध्येही अंडं असतं.

धरमपेठकर
ताई, हे अक्षरांचं माहीतच नव्हतं. नागपूरला आणायला काय घेऊ?

खवय्या_रामदासपेठ
मॅनरची गुलाबी पाकिटं. वेफरचे पाच थर, मध्ये हेझलनटचं क्रीम, अंडं-दूध काही नाही. वरून चॉकलेटचं आवरण नाही, म्हणून मेच्या उन्हातही टिकतात. मोझार्टकुगेल (चॉकलेटचा गोळा) मात्र आपल्या ४५ अंशांत वितळेल. आणि मूळ फ्यूर्स्ट या मिठाईवाल्याचा, निळ्या-चंदेरी कागदातला, साल्झबर्गचा. व्हिएन्नात दिसतात ते लाल-सोनेरी कारखान्याचे. जर्दाळूच्या जॅमची बरणी हातातल्या बॅगेत ठेवू नका, १०० मिलीच्या वर असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात. परतताना पुन्हा व्हिएन्नाच असेल तर सगळी खरेदी तेव्हाच करा.