राजा गेला, पण सही कोण करणार? नेपाळात दिवस काढलेल्यांनी लिहा

गलाईवाला

आमचं गाव विट्याजवळ. घरटी एक तरी माणूस गलाईच्या धंद्यात बाहेर असतोय, आमचे आबा काठमांडूला, सोनं-चांदी आटवायची भट्टी. सप्टेंबर २०२५ ला सिंहदरबार (नेपाळ सरकारचं मुख्य कार्यालय) पेटलेला टीव्हीवर बघताना गल्लीतली पोरं म्हणत होती बघा दोन दिवसात सरकार पाडलं, तर आबा फोनवर नुसतं म्हणाले, पाडलं खरं, पण उद्या कागदावर सही कोण करणार? त्यावरनं हा धागा काढला. भाषणं नकोत, स्वतःला जे दिसलं, सोसलं तेवढंच लिहा.

माझं आधी सांगतो. एप्रिल २००६, मी शाळेच्या सुट्टीत तिथंच. १९ दिवस राजाविरुद्ध आंदोलन चाललं, कर्फ्यू, भट्टी बंद, आम्ही गच्चीवरनं मोर्चे बघायचो. २४ ला रात्री उशिरा ग्यानेंद्र राजानं संसद परत बसवली आणि सकाळी सगळी गल्ली अबिरानं लाल. पुढच्या महिन्यात संसदेनं 'श्री ५ को सरकार' म्हणजे राजाचं सरकार हे नावच काढलं, 'नेपाल सरकार' केलं. ऐकायला भारी, पण आबांच्या दुकानाचा एक कागद अडकला तो अडकलाच, जुना शिक्का चालंना आणि नवा आलेला नाही. बाबू म्हणायचा भोलि आउनुस्, म्हणजे उद्या या. दोन महिने उद्याच चालला होता.

मग नोटांवरचा राजा गेला, सगरमाथा म्हणजे एव्हरेस्ट आला. पण कागद आधीच बनून आलेला, त्याच्या वॉटरमार्कात राजा होताच, म्हणून तेवढ्या जागेवर लालीगुराँसचं (तिथलं राष्ट्रीय फूल) फूल छापलं. आबा गिऱ्हाइकाला नोट उजेडात धरून दाखवायचे, बघा हो, फुलामागं अजून बसलाय.

वीज नसलेला वीजवाला

हाहा, फुलामागचा राजा! मी २००८ ते २०१२ तिकडे एका जलविद्युत प्रकल्पाच्या साइटवर होतो, गेलो तेव्हा प्रजासत्ताक होऊन काही महिनेच झालेले (२८ मे २००८, ५६० विरुद्ध ४ मतं). आणि त्याच हिवाळ्यात काठमांडूत १६-१६ तास लोडशेडिंग. आम्ही वीज बनवायला गेलेलो आणि खोलीवर मेणबत्तीत जेवायचो. वेळापत्रक फ्रिजला चिकटवलेलं असायचं, फ्रिजचा तेवढाच उपयोग.

अडलं कुठे ते सांगतो, कारण इकडे सगळे 'नेपाळी नेते भांडतात' एवढ्यावर सोडून देतात. संविधान सभा ६०१ जणांची, माओवादी सगळ्यात मोठे पण बहुमत त्यांनाही नाही. त्यांचे नेते 'प्रचंड' पंतप्रधान झाले, मे २००९ मध्ये सेनापतीला काढण्यावरून राष्ट्रपतींशी वाजलं आणि राजीनामा. मग माधवकुमार नेपाल आले, त्यांनी जून २०१० मध्ये राजीनामा दिला आणि तिथून पुढे पंतप्रधान निवडायला मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या, बहुमत कुणालाच मिळेना कारण बाकीचे पक्ष तटस्थ बसायचे. आमच्या कॅन्टीनमध्ये चहाची पैज लागायची, नंतर नंतर पैज घ्यायलाही कोणी तयार होईना. शेवटी तटस्थ राहायची मुभाच काढून टाकली तेव्हा फेब्रुवारी २०११ ला झलनाथ खनाल निवडून आले. सात महिने! त्या काळात काळजीवाहू सरकारचा अर्थमंत्री बजेट मांडायला उभा राहिला तर सभागृहातच धक्काबुक्की, त्याची ब्रीफकेस मोडली. आमची बिलं त्याच बजेटच्या रांगेत. साइटवरचे मजूर रोज विचारायचे सर पैसे कधी, आणि मी तोंड लपवत फिरायचो.

सुईवाली ताई

मी नर्स, मूळची अकोल्याची. चितवनमध्ये एका संस्थेच्या आरोग्य शिबिरांसाठी दीड वर्ष होते, त्यात शक्तिखोरच्या छावणीत जाणं व्हायचं. सरकार आणि माओवाद्यांमधलं युद्ध संपवणाऱ्या शांतता करारानंतर माओवादी लढवय्ये अशा छावण्यांत ठेवलेले, ७ मुख्य आणि २१ उपछावण्या, संयुक्त राष्ट्रांनी तपासून १९,६०२ जण लढवय्ये म्हणून मान्य केले होते. बंदुका कंटेनरमध्ये कुलूपबंद, कुलपाची किल्ली त्यांच्याचकडे पण कॅमेरा आणि भोंगा संयुक्त राष्ट्रांचा. तेवढ्याच बंदुका सरकारी सैन्यानेही अशाच बंद करून ठेवलेल्या. एकाच देशात दोन सैन्यं आणि दोघांनाही पगार त्याच तिजोरीतून, आता असं सरकार चालवायचं तरी कसं सांगा.

मला आठवतात त्या मुली. बावीस-तेवीसच्या, कडेवर बाळ, मी लस टोचताना बाळ रडलं की त्याच कासावीस. एकीनं विचारलं, दिदी, आता सैन्यात घेतलं नाही तर मी घरी काय म्हणून जाऊ? सतराव्या वर्षी पळून गेलेली, सासर दुसऱ्या जातीचं, तेही छावणीतच जमलेलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी बाळाचं वजन लिहून घेतलं. नंतर वाचलं की सैन्यात गेले ते जेमतेम चौदाशे, बाकी बहुतेकांनी ५ ते ८ लाख घेऊन वाट धरली. तिचं काय झालं माहीत नाही.

चहाबिस्कीट

अनुभव नाही, वाचतोय. ताई, तुमचा वाचून जरा वेळ थांबलो.

बीरगंजची सून

पुण्यात शिकताना लग्न जमलं, सासर बीरगंज, मधेशी (तराईतले, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सपाट भागातले). २० सप्टेंबर २०१५ ला संविधान जाहीर झालं, काठमांडूत दिवे लावले आणि आमच्या घरात दिवे मालवले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तराईत त्याआधीच्या आंदोलनात चाळीसवर माणसं गेलेली. प्रांतांच्या सीमा अशा आखल्या की आपलं वजन कमी होईल, असं सासऱ्यांचं म्हणणं. मग रक्सौलच्या पुलावर लोक धरणं देऊन बसले, भारताकडून ट्रक येईनात (कुणी अडवले यावर घरात रोज वाद, माझी बाजू माहेरची म्हणून मी गप्प), गॅसचा सिलिंडर मिळाला तर अर्धा भरलेला. पहाटे अंगणात चूल, धूर, आणि सासूबाई म्हणत, कनिया (सूनबाई), फूंकणी नीट धर. पुरणपोळी त्या वर्षी झाली नाही.

नागरिकता मला मिळाली, पण लग्नाने आलेली, म्हणजे पंतप्रधान वगैरे होता येणार नाही असं त्याच संविधानात लिहिलंय. नवरा चिडवतो, तुझा चान्स गेला. मला हसू येतं पण लेकीसमोर नाही येत.

बॅगा मोजणारा

मी टूरवाला. ८ सप्टेंबर २०२५ ला ग्रुप काठमांडूत, त्या दिवशी सरकारविरोधी आंदोलनात १९ पोरं गोळीबारात गेली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींचा राजीनामा, विमानतळ बंद, रस्त्यावर लष्कर. एका काकांनी मला विचारलं इथला पंतप्रधान कोण आहे आत्ता, म्हटलं काका कोणीच नाही. हॉटेलातला पोऱ्या मोबाईलवर डिस्कॉर्ड (गप्पांचं अ‍ॅप) लावून बसलेला, म्हणाला आम्ही इथे पंतप्रधान निवडतोय. मला वाटलं गेम खेळतोय. १२ ला रात्री हंगामी पंतप्रधान म्हणून सुशीला कार्कींचा शपथविधी झाला तोवर आम्ही गोरखपूरला पोचलेलो. फार खोल अनुभव नाही माझा, पण त्या पोऱ्याचा चेहरा आठवतो, त्याला खरंच वाटत होतं.

गलाईवाला

सगळ्यांचे आभार. वीजवाले साहेब, आमच्याकडंही तेच वेळापत्रक, भट्टीवर लावलेलं.

एक राहिलं. तिथं १९९७ नंतर गावपातळीची निवडणूक थेट २०१७ ला झाली, आधीच्यांची मुदत २००२ ला संपली, पुढची पंधरा वर्षं वॉर्डात निवडून आलेला माणूसच नाही, सचिवाची सही. आबा २०१७ ला लई खूश होते, आता भांडायला तरी कोणीतरी आहे म्हणायचे. परवा फोन केला, तर आमच्या वॉर्डाचं कार्यालय सप्टेंबरात जळालं ते अजून शेजारच्या शाळेच्या खोलीत चाललंय, दुकानाच्या नोंदीची फाइल गेली. आबांनी २००६ पासनं प्रत्येक कागदाची झेरॉक्स ट्रंकेत ठेवलीय, ती घेऊन गेले. बाबू म्हणाला भोलि आउनुस्.