कुंभकर्णाचे मस्तक कशाचे करावे?

अ-१०१ (सचिव): सोसायटीच्या सर्व सभासदांना नमस्कार. गणेशोत्सवातील बालनाट्यासाठी कुंभकर्णाचे पाच फूट उंचीचे मस्तक करावयाचे ठरले आहे. ते आधी रंगमंचावर आडवे पडलेले दिसेल, ढोलताशांच्या गजराने त्याचे डोळे उघडतील आणि मग जबडा हलवीत ते उठून बसेल. साहित्याविषयी ज्यांना अनुभव आहे त्यांनी येथेच सविस्तर लिहावे, म्हणजे रविवारी गंजगोलाईत खरेदीला जाण्यापूर्वी निर्णय होईल.

क-२०२: थर्माकोल हलका असतो आणि साध्या सुरीने कोरता येतो, म्हणून तोच घ्यावा असे मला वाटते. वेळही वाचेल.

ब-३०४: ताई, थर्माकोल हलका असतो हे खरे आहे, पण राज्य शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनंतर सजावटीसाठी तो वापरता येत नाही. शिवाय रबरी गोंद किंवा फवाऱ्याचा रंग लागला की तो विरघळून खड्डे पडतात, आणि कोरताना उडालेले मणी पावसाच्या पाण्याबरोबर गटारात जातात ते वेगळेच. तो विचार आपण सोडून द्यावा.

मी तीस वर्षे चित्रकला शिकवली. त्या काळात एका स्नेहसंमेलनासाठी राक्षसाचे मुखवट्यासारखे मोठे डोके मी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्यांनी केले होते. दिसायला ते देखणे झाले होते, पण नाकाकडचे वजन पुढे ओढत राहिल्याने ते धरणारा मुलगा दुसऱ्याच प्रवेशात तोल जाऊन गुडघ्यावर आला. त्याला फारसे लागले नाही, तरी ते वजन मी आधी तोलून पाहिले नव्हते याची खंत मला अजूनही आहे. म्हणून या वेळी मी एकेक चौरस फुटाचे नमुने करून, पूर्ण वाळवून, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. अर्धा सेंटीमीटर जाडीचा कागदाचा लगदा २३० ग्रॅम भरला, एक इंच जाडीचा ३२ डेन्सिटीचा (घनमीटरला ३२ किलो भरणारा) गादीचा फोम ७५ ग्रॅम भरला, आणि वर्तमानपत्राचे सहा थर खळीने एकावर एक चिकटवलेला तुकडा केवळ ४० ग्रॅम भरला. मागची बाजू उघडी ठेवली तरी आपल्या मस्तकाचा पृष्ठभाग सुमारे ३८ चौरस फूट होईल. म्हणजे नुसते कवच लगद्याचे केले तर पावणेनऊ किलोच्या आसपास, फोमचे केले तर पावणेतीन किलोच्या आसपास आणि कागदाच्या थरांचे केले तर दीड किलोच्या आसपास जाईल.

लगद्याची दुसरी अडचण आपल्या हवेची आहे. मराठवाड्यात भाद्रपदातही चांगला पाऊस असतो. लगदा वरून कोरडा लागतो, पण आत ओल राहते आणि आठ दिवसांत बुरशीचा वास येऊ लागतो. थर पातळ असल्याने ते पंख्याखाली वाळतात. मात्र एका दिवशी दोनांपेक्षा अधिक थर देऊ नयेत. पश्चिम बंगालमधील पुरुलियातल्या चरिदा गावचे छाऊ नृत्याचे मुखवटेसुद्धा मातीच्या साच्यावर राख भुरभुरून आणि कागदाचे थर चिकटवूनच घडवतात, आणि ते लावून नर्तक उड्या घेतात. नाक, भुवया आणि ओठ यांची ठेवण उठावदार करण्यापुरता लगदा वापरावा, त्याहून अधिक नको.

अ-४०३: सर, आत मी आणि माझा मित्र असणार आहोत, म्हणून विचारतो. सगळेच फोमचे केले तर ते आपटले तरी फुटणार नाही. मग कागद का?

ब-३०४: तुझा प्रश्न रास्त आहे, आणि जबड्यापुरते तुझे म्हणणे मला मान्य आहे. जबडा प्रत्येक वाक्याला आपटणार, तिथे कागदाच्या कडा चिरतील, म्हणून खालचा जबडा फोमचाच करू आणि त्यावर मांजरपाट चढवू. संपूर्ण मस्तक फोमचे करण्याला माझा विरोध आगीमुळे आहे. गादीचा फोम पेटला तर फार वेगाने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. कागदही जळतो, हे मी नाकारत नाही. पण तुम्ही दोघे आत असताना जळाऊ वस्तू जितकी कमी तितके बरे. डोळ्यांसाठी एलईडी पट्ट्याच लावू, हॅलोजनचा दिवा मस्तकाजवळ येणार नाही असे पाहू आणि मागची बाजू पूर्ण उघडी ठेवू, म्हणजे दोघेही क्षणात बाहेर पडू शकतील. फोम जोडण्याचा रबरी गोंद गच्चीवरच वापरावा, बंद खोलीत नाही.

ब-१०२ (आजींच्या सांगण्यावरून नातू लिहीत आहे): आजी विचारतात की सांगाडा कशाचा करणार आहात. त्यांच्या माहेरी तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, कूड (भिंत) असे आणि धान्याची कणगी घरीच विणत असत, म्हणून शेतावरच्या तुराट्या आणून द्यायची त्यांची तयारी आहे.

ब-३०४: आजींना माझा नमस्कार सांगावा. तुराट्या हलक्या असतात, पण वाळल्यावर त्या वाकत नाहीत, मोडतात, आणि कपाळ व गालांना तर गोलाईच हवी. त्यामुळे सांगाड्याला बुरुडाकडून ओल्या बांबूच्या कामट्या आणू. तुराट्या मात्र अवश्य हव्यात, कारण कुंभकर्णाच्या झोपण्याच्या जागेमागचा कूड त्यांचाच करता येईल. कणगीच्या विणीची आठवण त्यांनी करून दिली, हे मोलाचे आहे. आडव्या-उभ्या कामट्या नुसत्या सुतळीने बांधण्याऐवजी एकमेकींत गुंतवून विणल्या, तर मस्तक उचलताना सांगाडा पिळवटणार नाही. आजींना जमत असेल तर त्यांनी खुर्चीवर बसून मुलांना ती वीण दाखवावी, अशी विनंती आहे.

क-२०२: खळ मी करीन. मैद्याची चालेल का, आणि मोरचूद घालू का? नाहीतर झुरळे लागतात.

ब-३०४: ताई, मोरचूद नको, ते विषारी आहे आणि लहान मुले हात घालणार आहेत. घोंगड्यांना चिंचोक्यांची खळ देतात, तीच करता आली तर उत्तम. नसता मैद्याची रोजच्या रोज ताजी शिजवावी. झुरळांसाठी मस्तक जमिनीवर न ठेवता दोरीने टांगून ठेवू. केस आणि मिशांना अंबाडीचा वाख वापरू, कारण लोकरीपेक्षा तो दुरून अधिक राकट दिसतो.

अ-१०१ (सचिव): आक्षेप नसल्यास कामट्या, सुतळी, मांजरपाट, जबड्यापुरता फोम आणि वाख एवढीच खरेदी रविवारी करू. प्रत्येक घराने जुनी वर्तमानपत्रे शनिवारपर्यंत जिन्याखाली ठेवावीत. एकूण वजनाची मर्यादा किती धरावी?

ब-३०४: सांगाडा, कवच, जबडा, रंग आणि केस धरून आठ किलो. सांगाडा विणून झाला की तो एकटाच तोलावा, आणि तीन किलोंच्या वर भरला तर कागद लावण्याआधीच काही कामट्या काढाव्यात.

ब-१०२ (आजींच्या सांगण्यावरून): आजी सोमवारी सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये येतील. कामट्या आदल्या रात्रीच पाण्यात भिजत घालाव्यात, असे त्यांनी सांगितले आहे.